परदेशात एक सेमिस्टर की पूर्ण पदवी? बाबासाहेबांचे लंडनमधील शिक्षण आणि आजच्या शिष्यवृत्त्या

नवी मुंबईतील काही खासगी महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत अलीकडे ‘सेमिस्टर अब्रॉड’ हा शब्द ठळक अक्षरांत दिसू लागला आहे. पदवीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी चार-पाच महिने इंग्लंडमधील विद्यापीठात जायचे, तिथे मिळवलेले क्रेडिट इथल्या पदवीत धरले जाते, अशी ही योजना. ऐरोली, घणसोली, नेरूळ, कामोठे भागातील आपल्या समाजातील पालक आम्हाला यावर दोन प्रश्न हमखास विचारतात. याला शासनाची शिष्यवृत्ती मिळते का? आणि बाबासाहेबसुद्धा असेच लंडनला गेले होते ना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही योजना परदेशातील पूर्ण पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहेत. इथल्या पदवीतील एका सेमिस्टरचा खर्च त्यात बसत नाही. तो खर्च घरच्यांनी किंवा बँकेच्या कर्जाने उचलायचा असतो, आणि महाविद्यालयाचा समुपदेशक हे वाक्य सहसा शेवटी बोलतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागेल. बाबासाहेबांचा लंडनचा पहिला मुक्काम खरोखरच छोटा होता, जेमतेम तीन टर्मचा. पण तो ज्या रीतीने तुटला आणि पुन्हा जोडला गेला, त्यात आजच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असे बरेच काही आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि तीन वर्षांची होती. त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. ही तीन वर्षे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली. १९१५ मध्ये एम.ए. झाले, पुढच्या प्रबंधाचे काम झाले, आणि ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेवरील तो प्रसिद्ध निबंध मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. मुदत संपत आली तेव्हा बाबासाहेबांनी वाढ मागितली, ती एका वर्षाची मिळाली, आणि ते लंडनला आले.

ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एम.एस्सी.साठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी. एलएसईची फी होती १० पौंड १० शिलिंग. त्या वर्षी त्यांनी हॅलफर्ड मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार आणि प्राध्यापक एल. टी. हॉबहाउस यांच्याकडे सामाजिक उत्क्रांती व सामाजिक सिद्धांत हे विषय घेतले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी भूगोल कशाला शिकतो, असे आपल्याकडे कुणी विचारेल. मॅकिंडर हे भूगोलातून साम्राज्यांचे राजकारण मांडणारे अभ्यासक होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

ग्रेज इनची एक रीत इथे सांगितली पाहिजे. बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षा पास होणे पुरेसे नसते. प्रत्येक टर्ममध्ये ठरावीक वेळा इनच्या मोठ्या दालनात सगळ्यांबरोबर टेबलावर बसून जेवावे लागे, तरच ती टर्म भरली असे मानत. शाळेत ज्याला पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, त्या विद्यार्थ्याला इथे पंगतीत बसणे ही पात्रतेची अट होती.

शिष्यवृत्तीची वाढीव मुदत १९१७ च्या उन्हाळ्यात संपली. बडोद्याचा करार डोक्यावर होता, म्हणून एम.एस्सी. अर्धी टाकून परतावे लागले. इथे बाबासाहेबांनी एक काम केले, ज्याच्याकडे चरित्र वाचताना आपले लक्ष सहसा जात नाही. त्यांनी लंडन विद्यापीठाकडून अभ्यासक्रम पुन्हा सुरू करण्याची लेखी परवानगी घेतली, चार वर्षांपर्यंतची. आमच्या मते त्यांच्या लंडनच्या शिक्षणातला हा सगळ्यात व्यवहारी निर्णय होता. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके आणि सामान ज्या जहाजाने निघाले ते जर्मन पाणबुडीने बुडवले. बडोद्यात लष्करी सचिव म्हणून रुजू झाल्यावर काय घडले, राहायला जागा कशी मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून कसे बाहेर काढले गेले, हे आपल्याला २३ सप्टेंबरच्या संकल्प दिनामुळे पाठ आहे. पण त्या अपमानित, बेघर माणसाच्या हाती तेव्हा लंडनला परत जाण्याची परवानगी होती, आणि तिची मुदत धावत होती.

पैसे जमवायला तीन वर्षे लागली. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी केली आणि त्यातून बचत केली. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये बोट धरली आणि ३० सप्टेंबरला एलएसईत पुन्हा नोंदणी केली. चार वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा फारसा वेळ उरला नव्हता. इकडे परळच्या बीआयटी चाळीत रमाईंनी काटकसरीने संसार चालवला. बाबासाहेबांच्या शिष्यवृत्त्यांचा हिशेब मांडताना हा हिस्सा कुणी धरत नाही.

या दुसऱ्या मुक्कामाबद्दल धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे यांच्या चरित्रांत भरपूर आहे. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडण्याआधी दारात हजर, दुपारचे जेवण जवळजवळ नाहीच, रात्री खोलीवर भाजलेले पापड. १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत. हेच घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि तिथे स्मारक झाले. रहिवासी भागात संग्रहालय नको म्हणून स्थानिक कॅम्डन कौन्सिलने हरकत घेतली होती. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली.

पापडाची गोष्ट आपण भावनेने सांगतो. तिच्यामागे एक आर्थिक कारणही असावे असे आम्हाला वाटते. १९२० च्या आरंभी एका रुपयाला अडीच शिलिंगांहून अधिक मिळत होते. १९२१ मध्ये तोच रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. म्हणजे मुंबईत साठवलेली आणि उसनी घेतलेली रक्कम लंडनमध्ये उतरेपर्यंत निम्मी झाली. पुढे ज्या विषयावर बाबासाहेबांनी डी.एस्सी.चा प्रबंध लिहिला, तो रुपयाचा प्रश्न त्यांच्या खिशातही होता.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली. विषय होता ब्रिटिश भारतातील साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण. ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला, आणि मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून आणायला सांगितले. पैसे संपले होते, म्हणून एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. प्रबंध इथे बसून पुन्हा लिहिला, ऑगस्टमध्ये पाठवला, नोव्हेंबर १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला. निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत, मांडणी बदलली. लगेच तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथाला त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि ती प्रत्येक परदेशेच्छुक विद्यार्थ्याने एकदा वाचावी. आपल्याकडे गुरूची प्रस्तावना म्हणजे शाबासकी. कॅनन मात्र सरळ लिहितात की लेखकाच्या बऱ्याच टीकेशी मी सहमत नाही, तरी त्याच्या विचारांतला ताजेपणा मला मोलाचा वाटतो. बाबासाहेबांनी आपल्या मनोगतात याच कॅनन यांचे मनापासून आभार मानले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ मालिकेच्या सहाव्या इंग्रजी खंडात हे सारे आहे.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे येऊ. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत आपल्यासारखी दोन सहामाही सत्रे नसतात, वर्ष तीन टर्मचे असते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची टर्म आठच आठवड्यांची. एलएसईच्या पहिल्या दोन टर्म अकरा-अकरा आठवड्यांच्या असतात आणि तिसरी मुख्यतः उजळणी व परीक्षेची. त्यामुळे एका सेमिस्टरसाठी गेलेला मुलगा प्रत्यक्षात अडीच-तीन महिने शिकवणी घेतो. तासांची संख्या पाहून आपली मुले सुरुवातीला खूश होतात, कारण आठवड्याला दहा-बारा तासच असतात. खरा भार वाचनाचा. प्रत्येक सेमिनारआधी शे-दीडशे पाने वाचून यायची, तिथे बोलायचे, आणि टर्ममध्ये दोन-तीन निबंध लिहायचे. प्राध्यापक काय म्हणाले ते निबंधात परत लिहिले तर गुण कमी पडतात. कॅनन यांची प्रस्तावना वाचा म्हणतो ते याचसाठी.

गुणांचा धक्का वेगळा. तिथे पदव्युत्तर स्तरावर साधारण ५० ला उत्तीर्ण आणि ७० ला विशेष प्राविण्य असते. इथे ८५ टक्के मिळवणाऱ्या मुलीला पहिल्या निबंधात ५८ मिळाले की ती रात्री घरी फोन करून रडते, आणि आई-वडिलांना वाटते पोरगी नापास होणार. ५८ हे बरे गुण आहेत. पहिल्या टर्ममध्ये बहुतेकांना तेवढेच मिळतात. आणखी एक इशारा. दुसऱ्याचे वाक्य संदर्भ न देता वापरणे हा तिथे शिस्तभंग आहे. आपल्याकडे नोट्समधून उतरवण्याची सवय लागलेली असते, ती विमानात बसण्याआधी सोडावी.

सेमिस्टरपुरते जाणाऱ्याला वेगळीच अडचण येते. सहा महिन्यांपर्यंतचे शिक्षण ब्रिटनमध्ये स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर करता येते आणि अनेकांना तोच काढायला सांगतात, कारण तो स्वस्त पडतो. पण त्या व्हिसावर एक तासही पगारी काम करता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा असते. तेव्हा ‘तिकडे पार्ट टाइम करून खर्च काढू’ असे कुणी सांगत असेल तर आधी विचारा, व्हिसा कोणता? आणि रुळायला जे दोन महिने लागतात, ते संपेपर्यंत परतीचे तिकीट आलेले असते. अनुभव म्हणून ते वाईट नाही. ज्यांना परवडते त्यांनी जरूर पाठवावे. पण कर्ज काढून, घर गहाण ठेवून एका सेमिस्टरला पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोच विद्यार्थी दोन वर्षे थांबून, चांगल्या गुणांनी पदवी घेऊन, शिष्यवृत्तीवर पूर्ण एम.एस्सी. किंवा एम.ए.ला जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये ही पदवी एका वर्षाची असते.

शिष्यवृत्तीचा हा रस्ताही बाबासाहेबांनीच आखला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशातील उच्च शिक्षणासाठी सरकारी निधी मागितला होता. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तिच्या १२५ जागा आहेत, त्यातील ११५ अनुसूचित जातींसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, वय ३५ च्या आत, किमान ६० टक्के गुण आणि विद्यापीठ जागतिक क्यूएस क्रमवारीत पहिल्या पाचशेत, या तिच्या मुख्य अटी. राज्याची राजर्षी शाहू योजना २००३ पासूनची. ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे, दरवर्षी ७५ जागा, आणि विद्यापीठ पहिल्या दोनशेत हवे. अर्ज पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाकडे. उत्पन्नाच्या आणि गुणांच्या अटींवरून या योजनेत गेल्या काही वर्षांत वाद झाले आणि नियम बदलले, म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राने सांगितलेले नियम धरून चालू नका. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

दोन गोष्टींवर आम्ही गप्प राहू शकत नाही. २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधाचा विषय घेऊन आज कुणी अर्ज केला तर तो बाद होईल. आणि जुलै २०२५ मध्ये या योजनेत निवडलेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी आधी ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास देऊ असे कळवले गेले. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार असताना जुलैमध्ये असे पत्र हाती पडणे म्हणजे काय, हे ज्याने ब्रिटिश व्हिसाची तयारी केली आहे त्यालाच कळेल.

भत्त्याचेही तसेच. ब्रिटनसाठीचा निर्वाह भत्ता अनेक वर्षे वर्षाला ९,९०० पौंड राहिला आहे, म्हणजे महिन्याला ८२५. ब्रिटिश सरकार मात्र २०२५ च्या सुरुवातीपासून लंडनमध्ये शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला दरमहा १,४८३ पौंड लागतात असे धरून तेवढी रक्कम दाखवायला सांगू लागले. दोन आकड्यांमधले अंतर विद्यार्थ्याने कुठून भरायचे? म्हणून आमची सूचना अशी, की लंडनचाच हट्ट नसेल तर शेफिल्ड, लीड्स, ग्लासगो, बर्मिंगहॅम ही नावेही अर्जात ठेवा. तिथे खोलीचे भाडे बरेच कमी पडते.

कागदपत्रांसाठी नवी मुंबईकरांनी थोडे जास्त लक्ष द्यावे, कारण आपल्यातील बहुतेक कुटुंबे मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्रातून आलेली आहेत. जातीचा दाखला १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंब जिथे राहत होते त्या मूळ ठिकाणावरून ठरतो. आजोबा नांदेडचे असतील तर घणसोलीच्या रेशनकार्डावर तो मिळत नाही, नांदेडचा पुरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला मात्र राहत्या ठिकाणच्या तहसीलदाराचा. दिघा ते बेलापूर हा भाग ठाणे तालुक्यात, खारघर-कामोठे पनवेल तालुक्यात. दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ असे लिहिलेले असेल तर केंद्राच्या योजनेत अडचण येते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही सवलती मिळाल्या, पण दाखला त्या नमुन्यातच हवा आणि त्यावर मूळ जातीचा उल्लेख लागतो. काहींना हे पटत नाही, धम्म स्वीकारल्यावर पुन्हा ते नाव कशाला, असे ते विचारतात. भावना आम्हाला समजते. पण अर्ज भरताना तो दाखला जवळ असू द्या, आणि पडताळणी पदवीच्या दुसऱ्या वर्षीच करून ठेवा.

वेळेचे गणित असे. ब्रिटिश विद्यापीठांचे अर्ज ऑक्टोबरपासून भरावेत, नामवंत अभ्यासक्रमांच्या जागा जानेवारी-फेब्रुवारीत संपू लागतात. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षे चालतो, तो आधीच देऊन ठेवावा. शासनाची जाहिरात बहुतेक वर्षी उन्हाळ्यात निघते, तोपर्यंत विनाअट प्रवेशपत्र हाती हवे. अर्जातील निबंध तपासून घ्यायला कुणी नसेल तर एकलव्य इंडिया फाउंडेशनसारख्या संस्था पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतात. ऐरोली सेक्टर १५ मधील महानगरपालिकेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातील ग्रंथालय अभ्यासाला बसण्यासाठी चांगले आहे.

आणि निवड होऊनही निधी वेळेवर आला नाही तर? घाबरून प्रवेश रद्द करू नका. विद्यापीठाला त्याच आठवड्यात ईमेल करून प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलण्याची विनंती करा. अनेक विद्यापीठे एका वर्षासाठी ते मान्य करतात, पण त्यासाठी अंतिम तारीख असते आणि ती प्रवेशपत्रासोबतच्या अटींत दिलेली असते. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.